सहा पत्रं माझ्या पोटात

मित्रांनो, मला कचऱ्याची टोपली म्हणू नका, राग येतो मला. मी वेताची टोपली आहे, वयाने जुनी, आणि तब्बल सव्वीस वर्षं मी एका लेखिकेच्या टेबलाखाली काढली. माझ्या पोटात साली-टरफलं कधी पडली नाहीत. पडले ते कागद. लोकांनी वाचलं ते पुस्तकात छापलेलं. जे खोडलं, फाडलं, चुरगळलं, ते मी वाचलं. त्यामुळे बाईंना माझ्याइतकं कुणी ओळखत नाही. आणि म्हणूनच मला जितकं लागलं तितकं कुणाला लागलं नसेल.

मला विणलं एका चष्मेवाल्या म्हाताऱ्याने, मोठा खट होता तो. वेत भिजवायचा, वाकवायचा आणि वेताने मध्येच वाकायला नकार दिला की त्याला चार शिव्या हासडायचा. "कागदासाठी हवीय म्हणे," तो बायकोला म्हणाला. "म्हणजे घट्ट विणायला हवी. लिहिणाऱ्यांचं काही सांगता येत नाही, टाकतात आणि परत शोधतात."

मला विकत घेतलं बाईंच्या नवऱ्याने. त्यांना सगळे साहेब म्हणत. भला माणूस, थट्टेखोर. मला टेबलाखाली ठेवत म्हणाले, "लेखिकेला पेनाच्या आधी ही लागते." बाईंनी त्यांना उशी फेकून मारली. दुसऱ्या दिवशी पहिला चुरगळलेला कागद माझ्यात पडला आणि मी कामाला लागले.

त्या घराची एक रीत होती. बाई एक प्रकरण लिहीत, मग साहेब ते निळ्या पेन्सिलीने वाचत. पटलं नाही की कडेला दोन शब्द खरडत. बाई आधी भांडत, मग मुकाट्याने तेच बदलत. मला ते भांडण ऐकायला फार आवडायचं.

आणि रोज सकाळी मला रिकामं करायला मावशी यायच्या. केर-फरशी, धुणं, इस्त्री सगळं त्यांच्याकडे. सगळी इमारत त्यांना मावशी म्हणायची, त्यांचं खरं नाव विचारायचं कुणाला सुचलं नाही. मावशींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण मला उपडं करण्याआधी त्या दरवेळी आत हात घालून चाचपायच्या. चुरगळलेला कागद जायचा. एखादा सपाट, वाऱ्याने उडून पडलेला असला तर तो उचलून टेबलावर ठेवायच्या आणि वर काचेचा गोळा. एकदा माझा तळ उसवला, तर माहेरी शिकलेल्या विणीने त्यांनीच तो बांधून दिला. बाई म्हणाल्या, "फेकून द्या हो मावशी, दुसरी आणू." मावशी म्हणाल्या, "धडधाकट आहे की! तळ गेला म्हणून काय माणूस फेकतात?"

मग साहेब गेले. बसल्या जागी, दुपारच्या चहाला उठतो म्हणाले आणि उठलेच नाहीत.

बाई तीन आठवडे टेबलाकडे फिरकल्या नाहीत. आणि एका दुपारी आल्या, तेव्हा लिहायला घेतलेल्या कादंबरीचं बारावं प्रकरण घेऊन बसल्या. साहेबांनी वाचलेलं शेवटचं प्रकरण होतं ते. गोष्टीत एक मोठं घर होतं, एक मालकीण होती आणि एक वेंधळी, मठ्ठ स्वयंपाकीण, वाचकांना हसायला मिळावं म्हणून घातलेली. शेवटच्या पानावर साहेबांनी निळ्या पेन्सिलीने लिहिलं होतं, "ही स्वयंपाकीण मला पटत नाही. तिला तू नीट बघितलेलंच नाहीस."

बाईंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग एकेक पान चुरगळायला लागल्या. बावीसच्या बावीस पानं. रडत होत्या की रागावल्या होत्या, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं. सगळी पानं माझ्यात टाकून त्या जाऊन पडल्या, आणि आपण काय केलं ते साफ विसरल्या. त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. दुःखात माणसाचा हात काय करतो ते त्याचं त्याला ठाऊक नसतं.

सकाळी मावशींनी हात घातला आणि थांबल्या. चुरगळलेले कागद नेहमीचेच, पण त्यांवर निळी पेन्सिल होती. "अगंबाई, साहेबांचं!" त्या खाली मांडी घालून बसल्या. एकेक पान मांडीवर ठेवून तळहाताने सरळ केलं, वर कापड घालून हलकी इस्त्री फिरवली. मग पाहुण्यांच्या चादरींच्या जाड घडीत ती सगळी पानं घातली, आणखी सपाट व्हावीत म्हणून. "ताईंचं मन जरा थाऱ्यावर येऊ दे, मग देईन," असं स्वतःशीच म्हणाल्या.

चार दिवसांनी बाईंना त्या प्रकरणाची आठवण झाली.

"मावशी, बारावं प्रकरण कुठंय? इथेच टेबलावर होतं."

"टेबलावर नव्हतं ताई, टोपलीत होतं. मी ते..."

"टोपलीत? म्हणजे टाकून दिलंत?"

"अहो नाही, ऐका तर खरं. चादरींच्या..."

"चादरी गेल्या खड्ड्यात! त्यांचं शेवटचं अक्षर होतं गं त्यावर! तुला काय कळणार म्हणा. तुला रद्दी काय नि लिखाण काय, सारखंच. अडाणी ते शेवटी अडाणीच!"

मित्रांनो, नऊ वर्षं बाई मावशींना 'तुम्ही' म्हणत होत्या. 'तुम्ही'वरून 'तू'वर यायला त्यांना एक श्वास पुरला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी ओरडले, "बाई, तुमच्या हातांनी टाकलंत!" पण टोपलीला कोण विचारतं?

मावशींनी खिळ्यावरची पिशवी काढली. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या होत्या. बेल दोनदा वाजली. बाईंनी दाराच्या भोकातून पाहिलं, आणि दार उघडलं नाही. उलट खालच्या-वरच्या शेजारणींना सांगितलं, "जपून असा हं, कागदपत्रं टाकून देते ती." त्या दोन्ही घरांनीही मावशींना कामावरून काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

आणि कादंबरीतली स्वयंपाकीण? आधी ती नुसती मठ्ठ होती. आता ती दुष्ट झाली, मालकाचे कागद चुलीत घालायला लागली. पण काही केल्या ती उभी राहीना. पानंच्या पानं माझ्यात पडायची. लाकडाची बाहुली परवडली, असं ते पात्र. बाईंना कळत नव्हतं काय चुकतंय, मला कळत होतं.

दोन महिन्यांनी साहेबांची बहीण राहायला आली. तिच्यासाठी चादरी काढल्या, आणि माझ्या खोलीपर्यंत तिची हाक आली, "वहिनी! अगं हे काय! दादाचं अक्षर!"

बाई धावल्या, पानं घेऊन टेबलाशी परत आल्या. पानं बघितली, पानांवरच्या सुरकुत्या बघितल्या, इस्त्रीचा एक पिवळसर डाग बघितला.

"मावशींनी ठेवलेलं दिसतंय," नणंद म्हणाली. "तुझ्या घरात दुसरं कोण इतकं जपून ठेवणार?"

"मी काय काय बोलले गं तिला!" बाईंनी कपाळावर हात मारला. "सांगत होती ती. चादरी म्हणाली होती. ऐकलंच नाही मी."

"मग आता जा. दहा मिनिटांवर तर राहतात त्या."

"जाते. उद्या सकाळीच जाते. आधी लिहून काढते, म्हणजे नीट बोलता येईल."

"त्यात लिहायचं काय आहे?" नणंद म्हणाली. पण तिला तरी कुठे माहीत, की लिहिणारी माणसं एकदा लिहायला बसली की जायची राहून जातात.

पहिलं पत्र दोन ओळींचं होतं. "मावशी, माझी चूक झाली. पानं मीच टाकली होती." मला वाटलं, झालं! आता ह्या उठणार, चपला घालणार. बाईंनी ते दोनदा वाचलं, "फारच कोरडं आहे," म्हणाल्या आणि चुरगळून माझ्यात टाकलं. दुसऱ्या पत्रात साहेबांच्या जाण्याचं दुःख आलं. तिसऱ्यात स्वतःच्या आईने घरच्या गड्याला कसं वागवलं ते. चौथं सुंदर होतं, पाचवं त्याहून सुंदर. सहाव्यात मावशी शोधूनही सापडेनात, नुसत्या बाईच बाई. सहाही पत्रं माझ्या पोटात आली.

सातवं आलं नाही. ते टेबलावरच राहिलं, तीन पानी. वर 'प्रिय मावशी' होतं. बाईंनी पेन उचललं, ते दोन शब्द खोडले आणि तिथे लिहिलं, 'प्रकरण एकविसावं'.

बघता बघता स्वयंपाकीण उभी राहिली हो! तिला राग आला, स्वाभिमान आला, न बोलता निघून जाण्याची ताकद आली. मालकीणही बदलली. नवरा गेल्यावर ती आधी कडू झाली, मग क्रूर, आणि सत्य कळल्यावर आतून पार मोडली. एकविसाव्या प्रकरणात ती पायी स्वयंपाकिणीच्या घरी जाते, उंबऱ्यावर बसते आणि म्हणते, "तुला अक्षरं कळत नव्हती, पण माणूस कळत होता. मला अक्षरं कळत होती, आणि माणूस कळला नाही." खोटं कशाला बोलू, ते वाचून मलाही भरून आलं. वाटलं, आता नक्की जातील. जे इतकं खरं लिहितात ते जाणारच. भाबडी मी!

पुस्तक गाजलं. नवं टेबल आलं, पायाने उघडणारा चकचकीत स्टीलचा डबा आला. गरज सरो, वैद्य मरो. मला दाराच्या मागे नेऊन ठेवलं आणि पोटात तीन छत्र्या खुपसल्या. एक मुलाखतकार आला, अगदी भारावलेला. "तुमची मालकीण वियोगाने बदलते, स्वतःच्या पूर्वग्रहाने बदलते, पश्चात्तापाने बदलते. इतकं गुंतागुंतीचं पात्र सुचलं कसं?"

बाई जराशा हसल्या. "पात्रं आपली आपण वाढतात. आपण फक्त नीट बघायचं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नीट बघायचं म्हणे! आणि एका शब्दाने तरी मावशींचं नाव काढावं? नाही.

पुस्तक आल्यावर काही महिन्यांनी, एका संध्याकाळी मावशी आल्या. या वेळी दार उघडलं गेलं. बाई गडबडल्या, खुर्ची पुढे केली, "बसा ना मावशी" म्हणाल्या. पुन्हा 'तुम्ही' झालं होतं. कपाटातून पुस्तकाची प्रत काढून सही करायला लागल्या.

"नको ताई. लेकीने आणलं होतं वाचनालयातून. सगळं वाचून दाखवलं तिने, रोज थोडं थोडं." मावशी बसल्या नाहीत. "मी लगेच ओळखलं. चादरींच्या जागी तांदळाचा डबा केलात, एवढंच."

बाईंचं पेन थांबलं.

"ती मालकीण जाते बघा तिच्या घरी, ते ऐकून मी फार रडले. लेक म्हणाली, आई, आता ताई येतील. मलाही तसंच वाटलं. मी आठ दिवस दार उघडं ठेवलं होतं ताई. कामावरून आले की आधी दार उघडं टाकायचे, मग दिवा लावायचे. उगाच बाहेरून तुम्ही परत जायला नको म्हणून."

बाईंचे डोळे भरून आले, आणि ते अश्रू खरे होते, मी शपथेवर सांगेन. त्या उठल्या, मावशींचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला अक्षरं कळत नव्हती, पण माणूस कळत होता. मला अक्षरं..."

मावशींनी हात सोडवून घेतले. झटकून नव्हे, हळूच.

"हे तिला म्हणालात ताई. माझ्या लेकीने वाचून दाखवलंय. मला काय म्हणता?"

बाईंनी तोंड उघडलं. मी सगळ्या वेतानिशी ताठ झाले. म्हणा! साधं म्हणा! पण जे होतं ते सगळं त्यांनी त्या छापलेल्या मालकिणीला देऊन टाकलं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "पाणी... पाणी आणू?"

"नको. घरी जाऊन पिते." मावशी वळल्या. दारामागे मी दिसले तेव्हा क्षणभर थांबल्या, वाकून माझ्या तळावरून बोट फिरवलं, आणि गेल्या.

त्यांच्या चपलांचा आवाज अजून जिन्यात होता. बाई खिडकीशी गेल्या नाहीत, जिन्याकडे धावल्या नाहीत. टेबलाशी बसल्या आणि त्यांनी एक कोरा कागद पुढे ओढला. पत्र असेल, असं वाटलं मला, अजूनही वाटलं. पहिली ओळ लिहिताना त्या ओठातल्या ओठात पुटपुटत होत्या, ती मला ऐकू आली:

"मी आठ दिवस दार उघडं ठेवलं होतं," ती म्हणाली.

मित्रांनो, तुम्ही गोष्टी वाचा, त्यातल्या माणसांसाठी पोटभर रडा, मोठे व्हाल तेव्हा खुशाल गोष्टी लिहा. पण कुणावर अन्याय केला असेल तर आधी त्याच्या घरी जा. छान शब्द सुचेपर्यंत थांबू नका, तोडकंमोडकं बोला, चाचरत बोला. माझ्या बाईंना सगळं सुंदर सांगता येत होतं, आणि मावशी तहानलेल्याच घरी गेल्या.