सावलीबाहेरची साखळी

शंभर फुटांची, शंभर दुव्यांची मी एक मोजणीची साखळी बोलते आहे. दोन टोकांना पितळी मुठी, दर दहा दुव्यांनंतर एक पितळी बिल्ला, बाकी सारे लोखंड. जपमाळेत मणी एकशे आठ असतात. माझ्यात आठ उणे. पुष्कळ वर्षे मला या उणेपणाची खंत वाटे. पुढे उमगले, की ते आठ घडवणाऱ्याने माणसांकडे ठेवले होते. मला धरणारे नेहमी दोघे असत, आणि दोघांचे मिळून हात चार नि पाय चार.

जन्म मला स्वप्नासारखा आठवतो. लाल उजेड, घणाचा ठेका, मग पाण्यात बुडवताच उठलेला चर्रर आवाज. त्यानंतरची माझी तरुण वर्षे शेतांच्या धुऱ्याबांधांवर गेली. माझ्या डाव्या अंगाला एक भाऊ उभा असे, उजव्या अंगाला दुसरा, आणि दोघांचीही नजर माझ्यावर. जमीन मात्र माझ्याखाली निवांत पडलेली असे. ती कोणाची आहे हे तिने मला एकदाही सांगितले नाही.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या कार्तिकात मी रोहणा गावाच्या पलीकडच्या सरकारी जंगलात आले. तिथे एक तलाव होता. शहरगावच्या माणसांनी सुटीच्या दिवशी यावे, पाण्याकाठाने हिंडावे, झाडाखाली घटकाभर बसावे, यासाठी पायवाट आणि बसायचे ओटे आखायचे होते. माणसाला स्वस्थ बसता यावे म्हणून एवढी मोजणी करावी लागते, याचे मला नवल वाटले.

काम हंगामी. दिवाळीनंतर चिखल वाळला की सुरू होई आणि वणव्याचे दिवस आले की थांबे. नकाशा काढणारे साहेब म्हणजे प्रभाकरराव. टेकाडावर तिपाई मांडून ते कागदावर रेघा ओढीत. साखळी धरायला जवळच्या पाड्यावरचे एक गोंड जोडपे होते: पुनाजी आणि त्याची बायको बायजा. पुनाजी मागचे टोक धरी, बायजा पुढचे. मी दोघांच्या मधोमध गवतातून सळसळत जाई, आणि त्यांचे गोंडीतले हलके बोलणे माझ्या दुव्यांतून इकडून तिकडे वाहत राही. पुनाजी हळू चालला, की बायजा मला एक हिसका देई आणि मराठीत म्हणे, "चाला, म्हातारबुवा. तलाव आटून जाईन."

संध्याकाळी पुनाजी मला मोहाच्या बियांचे तेल लावी. देवाच्या मूर्तीला स्नान घालावे तसा एकेक दुवा पुसला जाई. ते सुख भोगताना मला वाटे, ज्याच्या हातून सेवा घडते त्याला देव शोधावा लागत नसेल.

वाटेच्या सातव्या आणि आठव्या खुणेच्या दगडांमध्ये ऐनाचे एक थोर झाड होते. पुनाजीची माणसे त्याला साज म्हणत. त्यात त्यांच्या देवाचा वास. प्रभाकररावांना त्याची सावली फार आवडली. एक ओटा अगदी बुंध्याशी घालायचा, असे त्यांनी ठरवून टाकले. त्यांना टेकाडावरून झाडाचा शेंडा दिसे, पण झुडपांमुळे खालचे काही दिसत नसे.

खाली काय घडे ते मी जाणत होते. पुनाजीच्या घराण्याची रीत अशी, की त्या झाडाच्या फांद्यांखाली लोखंड न्यायचे नाही. म्हणून फांद्यांच्या कडेशी येताच तो मला गोळा करून दगडावर ठेवी. मग पळसाच्या मुळ्यांचा वळलेला दोर काढी. तो त्याने माझ्याशी लावून फुटाफुटावर गाठी मारून केला होता. झाडाखालचे अंतर दोराने मोजायचे, पलीकडे गेले की बायजाने मला वळसा घालून आणायचे आणि पुढे पुन्हा माझे काम. प्रभाकररावांना हाळी घालून आकडा तेवढा सांगायचा.

मी दगडावर बसून त्या सावलीकडे पाहत राही. आत पाखरे जात, वारा जाई, वाळलेली पाने तर लोळण घेत. मी सारे रान पालथे घातलेली, पण तिथे मला प्रवेश नव्हता. मन म्हणे, उंबऱ्याबाहेर उभे राहणाऱ्यालाही दर्शन होतेच.

पहिली मोजणी झाली ती भर दुपारची. पौषात ओट्याचे दगड आणण्याआधी प्रभाकररावांनी तीच रेघ पुन्हा मोजायला सांगितली, आणि तीही सकाळी. दोर रात्रभर झुडपावर टांगलेला होता. दवाने भिजून तो आखडला होता, गाठी एकमेकींजवळ आल्या होत्या. मला ते दिसत होते, पण माझ्या मुखी वाचा नव्हती. आकडा दोन फुटांनी वाढला.

प्रभाकरराव टेकाड उतरून आले. मला उचलून त्यांनी दुवे निरखले. साखळी जुनी झाली, दुवे वाकून आखूड झाली, आता हिला भंगारात द्यावे, असे ते म्हणाले. नवी मागवण्यासाठी त्यांनी खिशातून कागदही काढला.

 पुनाजी गप्प राहिला असता, तर कोणाला काही कळले नसते. पुढच्या कार्तिकात कोणाला बोलवायचे ती यादी प्रभाकरराव करीत, आणि पाड्यावर हंगामाचे हे एकच काम होते. माझी मूठ हाती धरून तो पुढे झाला.

"साहेब, तिले भंगारात नोका टाकू," तो म्हणाला. "ते खरी हाय. खोटा दोर हाय, अन् दोर म्या वळला."

कसला दोर, असे प्रभाकररावांनी विचारले. उत्तर बायजाने दिले.

"आमी देवाच्या झाडाखाली लोखंड नेत नाई. कुऱ्हाड बाहेर, इळा बाहेर. सरकारची झाली म्हनून साखळी काय सोन्याची होते?"

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगतलं असतं, तर तुमी दुसरा माणूस पाह्यला असता," पुनाजी खाली बघत म्हणाला.

"तुमच्या बुटालेबी खिळे हायेत," बायजा म्हणाली. "दोनदा गेलते तुमी आत. म्या देवाले तुमच्या वतीनं हात जोडून ठेवले."

प्रभाकररावांनी आपल्या पायांकडे पाहिले. मग ते माझ्याशेजारी दगडावर बसले आणि बुटांचे बंद सोडू लागले. अनवाणी आत जाऊन बुंध्याशी ते बराच वेळ उभे राहिले. बाहेर आल्यावर त्यांनी कागदावरची सरळ रेघ खोडली. नवी रेघ फांद्यांच्या बाहेरून, झाडाला उजव्या हाताशी ठेवीत वळली. प्रदक्षिणा अशीच घालतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते की नाही, मला ठाऊक नाही. ओटाही वळणाच्या अलीकडे सरकला.

"पण पुनाजी, मोजणीत तुम्ही मला फसवलंत," ते म्हणाले. "पुढच्या हंगामाचं मी आज काही बोलत नाही."

त्या वैशाखात मला पेटीत ठेवताना पुनाजीने दुप्पट तेल लावले. हा निरोप असावा, असे मला वाटले.

पेटीतल्या अंधारात पावसाळा नुसता ऐकू येतो. त्या झोपेत मला एकच स्वप्न पडे. मी एका अनंत सावलीभोवती फिरते आहे, दुव्यामागून दुवा, आणि मोजायचे काहीच उरलेले नाही. जागी होई तेव्हा भीती एवढीच, की पेटी उघडणारे हात अनोळखी असतील.

कार्तिकात कडी वाजली. आधी आला तो मोहाच्या तेलाचा वास. मग एक ओळखीचा हिसका बसला. मागे प्रभाकरराव कोणाला तरी सांगत होते, की एका जुन्या साखळीसाठी ज्याने स्वतःचे काम पणाला लावले, त्याच्याखेरीज मोजणीला दुसरा माणूस आणायचा तरी कुठून?

त्यानंतर आम्ही तिघांनी नऊ हंगाम केले. वाट झाली, माणसे येऊ लागली. मुले पळत येत, वळणाशी थबकत आणि विचारीत, वाट इथे उगाच का वळली? पुनाजी जवळ असला तर सांगे, "देवाच्या झाडाले वाट द्याची होती, म्हनून वळली." मुले हसत पुढे जात.

मग कापडी फीत आली. हलकी, मुकी, गुंडाळली की मुठीत मावणारी. मला निकामी ठरवले गेले. पुनाजीने साहेबांकडे मला मागून घेतले. घरी नेण्यासाठी नव्हे. वळणाच्या पूर्वेला, फांद्यांबाहेरच्या त्याच दगडावर त्याने मला वेटोळे करून ठेवले, आणि परवा परवापर्यंत, हात थरथरू लागेपर्यंत, तो तेल लावायला येत होता. आता तो येत नाही. बायजा कधीतरी येते, मला पदराने पुसते आणि जाते.

बिल्ले काळे पडले आहेत, दुवे एकमेकांत गंजून बसले आहेत. माझी तक्रार नाही. तुम्ही त्या वाटेने आलात तर मला उचलू नका. शेजारी बसा आणि दिवस कलेपर्यंत थांबा. मला त्या सावलीत जाता आले नाही. पण सूर्य तलावामागे उतरू लागला, की ती सावली आपणहून उठते, गवतावरून हळूहळू वाट ओलांडते, आणि रोज संध्याकाळी दगडापर्यंत येऊन मला पोटाशी घेते.