बाल्कनीत टांगलेली गेमची सीडी

मित्रांनो, मी एक जुनी सीडी आहे. गाण्यांची नव्हे, गेमची. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण घरात मला कबुतरांची सीडी म्हणतात.

कारखान्यातून निघाले तेव्हा अंगावर एक ओरखडा नव्हता. फार भाव खायचे मी! दोन बहिणींच्या आत्याने मला दुकानातून आणलं. माझा खेळ दोघींनी मिळून खेळायचा होता. एकीने पूल धरून ठेवायचा, दुसरीने पलीकडे जायचं. धाकटी हमखास पाण्यात पडायची आणि थोरली ओरडायची, "अगं, थांब म्हटलं ना!" शेवटचा किल्ला तेवढा जिंकायचा राहिला. मी शेजारीपाजारी, त्यांच्या मामेबहिणीकडेही जाऊन यायचे. ओरखडे पडले, पण मला त्यांचं कौतुकच होतं.

मग थोरलीने तोच खेळ नव्या यंत्रावर इंटरनेटवरून घेतला. "सीडी शोधायची कटकटच नको," ती म्हणाली. धाकटी नोकरीसाठी दूर गेली. आईने माझ्या भोकातून सुतळी ओवली आणि कबुतरं पळवायला मला बाल्कनीत टांगलं. कबुतरं दोन दिवस घाबरली, नंतर माझ्याच शेजारी बसू लागली. चार वर्षं मला तेवढीच सोबत होती.

परवा धाकटी एका दिवसासाठी घरी आली. "ताई, आज किल्ला घ्यायचाच!" थोरलीने यंत्र लावलं, तर खेळ गायब. कंपनीने आपलं इंटरनेटवरचं दुकानच बंद केलं होतं.

"अगं, पण मी विकत घेतला होता!"

"विकत कुठला? नुसता वापरायला दिला होता. हे बघ, बारीक अक्षरात लिहिलंय."

दोघी बाल्कनीत धावल्या. आई ओशाळून म्हणाली, "मला काय माहीत गं, चमकते म्हणून टांगली."

माझा आनंद गगनात मावेना! थोरलीने सुतळी कापली, मला पुसलं, माळ्यावरचं जुनं यंत्र काढलं. मी आत जीव तोडून फिरले. पण उन्हाने माझी पाठ पार गेली होती. पडद्यावर अक्षरं आली, 'सीडी वाचता येत नाही.'

"राहू दे ताई," धाकटी म्हणाली. संध्याकाळी ती गेली.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी कोणी असेल, तर सोबत खेळणारं माणूस घरात आहे तोवर तिला लावा. मला आता मऊ कापडात गुंडाळून डबीत ठेवलं आहे. ऊन लागत नाही, धूळ बसत नाही. फार जपतात मला.