वीस मिनिटं हलायचं नाही

फिर्मांने दोन डब्यांतली द्रव्यं बादलीत ओतली, लाकडी पट्टीने पंधरा सेकंद ढवळली आणि बुडबुडे येऊ लागताच ते मिश्रण रेजिसच्या पाठीमागच्या प्लास्टिकच्या पिशवीत रिकामं केलं. पिशवीचं तोंड टेपने बांधून त्याने घड्याळ पाहिलं.

“आता वीस मिनिटं हलायचं नाही,” तो म्हणाला. “शिंक आली तर गिळ.”

रेजिस लेर्बिये शर्यतीच्या पूर्ण वेशात गाडीत बसला होता. डोक्यावर हेल्मेट, पट्टे आवळलेले, हात स्टीअरिंगवर. पाठीमागे फेस फुगत होता. आधी तो कंबरेपाशी आला, मग बरगड्यांच्या दोन्ही बाजूंनी वर चढला, आणि चढता चढता गरम झाला. तो घट्ट झाला की रेजिसच्या पाठीचा साचा तयार होणार होता. पुढचा सगळा हंगाम तो त्याच साच्यात बसून गाडी चालवणार होता. चालवायला मिळाली तर.

ते अकरा वाजता ठरायचं होतं. दर डिसेंबरात मोटार शर्यतींचा महासंघ चालकांच्या दर्जांची यादी काढतो. सोनेरी म्हणजे वेगवान, मुरलेला. चंदेरी त्याच्या एक पायरी खाली. कांस्य म्हणजे हौशी. एक गाडी तीन चालक आळीपाळीने चालवतात आणि त्यांतला एक तरी चंदेरी किंवा त्याखालचा लागतो. आर्मेल तेसरोच्या संघात दोन सोनेरी पोरं आधीच ठरली होती. तिला तिसरा चंदेरीच हवा होता. रेजिस दर्जे सुरू झाल्यापासून सोनेरी होता, पण ऑक्टोबरात त्याला पन्नास पूर्ण झाली होती आणि पन्नाशीला दर्जा एक पायरी उतरतो. चंदेरी म्हाताऱ्याच्या दारात संघांची रांग लागते. सोनेरी म्हाताऱ्याला कोणी विचारत नाही. मात्र एखादा अजून फारच वेगवान आहे असं दिसलं, तर महासंघ त्याला उतरू देत नाही.

आणि सप्टेंबरात रेजिसने नेमकं तेच करून ठेवलं होतं. बेल्जियममधली शर्यत होती, पाऊस लागलेला होता, पुढच्या गाड्या दबकत चालल्या होत्या. जागा धरून ठेव, घाई नको, तुझ्या वेळा बघणारे बघतायत, असं आर्मेलने रेडिओवर दोनदा सांगितलं. पहिल्यांदा तो बरं म्हणाला. दुसऱ्यांदा त्याने ऐकू न आल्यासारखं केलं. दोन मिनिटं एकोणचाळीस सेकंद आणि चार दशांश. त्या दिवशीची सगळ्यात जलद फेरी. गाडीतल्या तेव्हाच्या दोन्ही जोडीदारांपेक्षा सेकंदभर कमी.  तो गाडीतून उतरला तेव्हा आर्मेलने वेळांच्या कागदाची घडी केली आणि त्याच्या हेल्मेटच्या पिशवीत टाकली.

“किती झाली?” रेजिसने विचारलं.

“सात. बोललास की बरगड्या हलतात.”

फिर्मां बाकड्यावर बसून रियेत, म्हणजे मांसाचा मऊ लगदा, लावलेला पाव खात होता. सहासष्ट वर्षांचा हा मेकॅनिक रेजिसला त्याच्या पहिल्या हंगामापासून ओळखत होता आणि आज तो बोलू शकत नाही याचा पुरेपूर फायदा घेत होता. वेगात चालवायला तुला कोणी शिकवावं लागलं नाही, तो म्हणाला, पण जन्मात एकदाच हळू चालव म्हटलं तर ते काही जमलं नाही. बायकोही वैतागली असेल. परवा बाजारात भेटली तर सांगत होती, झोपेत गिअर बदलतो म्हणून.

रेजिस समोर बघत राहिला. मान वळवता येत नव्हती, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून भिंतीजवळचे डबे दिसत होते. द्रव्यांची आणखी एक जोडी, सील न फोडलेली. आर्नो नावाचा एक चंदेरी चालक दुपारच्या रेल्वेने नांतहून येणार होता. वेळ पडलीच तर दुसरा साचा त्याच्या पाठीचा. उद्या ट्रक चाचणीसाठी स्पेनला निघायचा होता, त्यामुळे दोन्ही बाजूंनी तयारी ठेवणं भाग होतं. रेजिसने ते डबे आल्या आल्याच पाहिले होते. विचारलं मात्र काही नव्हतं.

काचेपलीकडच्या खोलीत आर्मेलच्या टाचांचा आवाज झाला, थांबला, पुन्हा झाला. बाहेरच्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. फिर्मांने बोटाने फेस दाबून पाहिला.

“धरला,” तो म्हणाला. “अजून दोन मिनिटं बस.”

तेवढ्यात दार उघडलं. आर्मेल लॅपटॉप उघडाच हातात घेऊन आली आणि रेजिसच्या समोर, त्याला दिसेल अशी उभी राहिली.

“चंदेरी,” ती म्हणाली.

 हेल्मेटमधून एक लांब श्वास बाहेर पडला, इतका लांब की फिर्मांने पाव खाली ठेवला. रेजिसची बोटं स्टीअरिंगवरून एकेक करून सुटली.

“फेरीबद्दल काय लिहिलंय?” त्याने विचारलं.

“कारणाच्या रकान्यात एकच शब्द आहे. वय.”

“आणि फेरी?”

“तिचा उल्लेख नाही.”

“म्हणजे कोणी बघितलीच नाही?”

आर्मेलने खांदे उडवले. रेजिस हसू लागला. तीन महिने तो पहाटे चारला उठून त्या फेरीचा हिशेब मांडत होता. हसता हसता तो मध्येच थांबला, आणि मग पुन्हा हसला, पण हळू.

फिर्मांने पट्टे सोडले, साचा बाहेर काढला, कडा करवतीने कापल्या आणि परत जागेवर बसवला. रेजिस पुन्हा आत बसला. फिर्मांने खांद्यामागे हात घातला. दोन बोटं सहज आत गेली. त्याने दुसऱ्या बाजूनेही तपासलं. तिथेही दोन.

“साचा बिघडला का?” आर्मेलने विचारलं.

“साच्याला काही झालेलं नाही, बाई. मघाशी याचे खांदे कानाला लागले होते. आता बघा कुठे आलेत.”

तिघंही त्या खांद्यांकडे पाहू लागले, स्वतः रेजिसदेखील, जमेल तितकी मान वळवून. मग आर्मेलने फोन लावला. नांतहून निघू नकोस असं तिने आर्नोला सांगितलं, मनापासून माफी मागितली आणि फोन ठेवता ठेवता भिंतीजवळच्या डब्यांकडे बोट दाखवलं. फिर्मांने सील फोडलं.

दुसऱ्या वेळी त्याला काही बजावावं लागलं नाही. फेस कंबरेवर चढेपर्यंत रेजिसचे डोळे मिटले होते. दहाव्या मिनिटाला हेल्मेटमधून बारीक घोरणं ऐकू येऊ लागलं. वीस मिनिटं झाली तरी फिर्मांने त्याला उठवलं नाही. पस्तीस होऊ दिली.

नवा साचा पाठीला असा बसला की बोट काय, कागदही आत गेला नसता. रेजिस वेश उतरवून काचेपलीकडे गेला आणि उभ्या उभ्याच पाव खाऊ लागला. एका हाताने तो बायकोला फोन लावत होता.

फिर्मांने साचा बाकड्यावर पालथा घातला. साच्याला बाहेरून टेप गुंडाळायची, म्हणजे फेसाचा भुगा होत नाही. टेपच्या रिळाआधी त्याने खिशातून जाड मार्कर काढला आणि पाठीच्या मधोमध, जिथे टेपचे तीन थर यायचे होते, तिथे लिहिलं: २:३९.४

आर्मेल त्याच्या मागे येऊन उभी होती. लिहिलेलं तिने वाचलं. एकदा काचेकडे पाहिलं.

“चारच्या पुढे एक आणि सात,” ती म्हणाली.

फिर्मांने ते दोन आकडे जोडले. मग तिने टेपचं टोक अंगठ्याने दाबून धरलं आणि तो रीळ फिरवू लागला.