उष्टावणाची विलायती वाटी

मी एक जुनी विलायती वाटी आहे, आणि मी सांगेन त्यातलं अक्षरही तुम्हाला खरं वाटणार नाही. कागदी ताटल्यांत जेवणाऱ्यांना खानदान कुठून कळायचं?

मित्रांनो, लंडनच्या अँसेल्म थॉरोगुडने मला चांदीच्या एकाच लगडीतून ठोकून घडवलं. एका अंगाला चोच, दुसऱ्या अंगाला कान. शेफील्डचे कारागीर तांब्यावर चांदीचा पत्रा चढवून सरदारीचा आव आणणारी भांडी करायचे. त्यांच्याशी माझं नातं जोडू नका. मेजवानीत मी रस्सा वाढायची. कशाचा, ते या घरात न सांगितलेलं बरं. माझा लखलखाट असा, की एक जहाज मला दीपगृह समजून बंदराला लागलं.

आणि २००४ साली मी कुठे होते? अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला, कुणाच्या तरी गराजमध्ये विकायला काढलेल्या मोडक्या टोस्टरशेजारी. तिथून मला मोरेश्वर नावाच्या इंजिनिअरने उचललं. त्याच्या बाळाचं उष्टावण होतं. पहिली खीर चांदीतूनच भरवायची, आणि घरची वाटी राहिलेली नागपूरला. त्याची बायको सुनेत्रा माझी चोच पाहून म्हणाली, "अरे यार, हे तर बोंडलंच आहे." सरदारांच्या पंगतीतली मी, आणि ही मला तान्ह्याला दूध पाजायचं भांडं म्हणते!

मोरेश्वरच्या आईने तर कहर केला. नागपूरहून आणलेल्या रांगोळीने मला असं घासलं, जसा करपलेला तवा.

आज हॉल पाहुण्यांनी भरला आहे. आजींनी बाळाला मांडीवर घेतलंय, माझ्यात केशरी खीर ओतलीय. तेव्हा मित्रांनो, एवढंच ऐका. जुन्या चांदीला रांगोळी लावू नका, मऊ फडक्याने अलगद पुसा. जुन्याचा मान राखा. आणि चोचीच्या कडेला लालसर दिसतंय, त्याच्याकडे बघत बसू नका. तो राजाच्या द्राक्षारसाचा डाग आहे. बाकी मी आरपार चांदी.

आजींनी माझी चोच बाळाच्या ओठांशी नेली. तेवढ्यात बाळाची बहीण इशिता पुढे आली आणि तिने तो डाग नखाने खरवडला.

"आजी, थांब. इट्स नॉट अ स्टेन, आतून सगळं कॉपर आहे. तूच म्हणतेस ना, तांब्यात दूध ठेवायचं नाही?"