देवदारांचा मार्च

मार्चमध्ये आमच्या उत्सुनोमिया या जपानी शहरात निम्मी माणसं तोंडाला मास्क लावून फिरतात. डोंगरांवरच्या देवदारांचे पिवळे पराग वाऱ्यावर येतात आणि डोळे-नाक गळायला लागतात. मी फिलिपिन्सहून लग्न करून इथे आले. पहिली काही वर्षं मी सासूबाईंच्या शिंकांना हसायचे, मग माझंही तेच सुरू झालं.

त्या मार्चमध्ये भूकंप झाला आणि मागोमाग समुद्राकाठच्या अणुवीज केंद्रात स्फोट झाले. केंद्र आमच्यापासून लांब. पण वारा कुठे वळेल, कुणी सांगावं? नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात मी आणि सासूबाई, फुसाए. त्यांना काठीशिवाय उभं राहवत नव्हतं. त्यांची औषधं आणायला स्टेशनजवळ गेले, तर एका परदेशी वाहिनीच्या माणसाने माइक पुढे केला.

"भीती वाटते?"

"वाटते ना. पण डोळे परागांमुळे गळतायत. दर वर्षी गळतात."

त्याने माझे शब्द कापले आणि डोळे ठेवले.

दुसऱ्या दिवशी माहेरहून धाकट्या बहिणीचा, नेनितचा फोन आला. "ताई, तू टीव्हीवर रडत होतीस! खाली लिहिलं होतं, मृत्यूच्या शहरातून पळणारी बाई. सगळ्या गल्लीने पाहिलं."

"पळत कुठे होते? औषधांच्या रांगेत होते गं. आणि डोळे त्या देवदाराच्या झाडांमुळे गळत होते."

"ते काही नको सांगूस. आई कालपासून जेवलेली नाही. मी तिकीट काढते, तू निघ."

मग आईने फोन घेतला. "लग्न करून गेलीस तेव्हाही सगळं ठीक आहे म्हणायचीस. ठीक होतं का? आणि आता म्हणे झाडामुळे रडतेय!"

इथल्या टीव्हीवर टाय लावलेले साहेब 'ताबडतोब धोका नाही' एवढंच सांगत होते, आणि तिथल्या टीव्हीवर आम्ही मेलेलेच होतो. दोन्हींतलं कुठलं आईला सांगू?

बोलण्याचा सूर सासूबाईंना कळला असावा. म्हणाल्या, "जा तू. आईच ती. मला काय लागतं, भात नि गोळ्या. शेजारची बघेल की."

शेजारीण कालच लेकीकडे ओसाकाला गेली होती. आम्हा दोघींनाही ते ठाऊक होतं.

त्यांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. आईशी त्या कधी बोलल्याच नव्हत्या. "हॅलो" म्हणाल्या आणि शिंकल्या. मग शिंकतच सुटल्या. थांबेचनात. शेवटी मीच फोन काढून घेतला.

"ती म्हातारी पण रडतेय का गं?" आईने विचारलं.

"शिंकतेय. तेच झाड."

आई हसली. खोकला येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "आणि हवा? हवा कशी आहे, खरं सांग."

"माहीत नाही आई. इथे कुणालाच नीट माहीत नाही. मला भीती वाटते."

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या.

"आता खरं बोललीस," आई म्हणाली. "तिचं कुणी आहे का तिथे, तुझ्याशिवाय?"

"नाही."

"मग ये कशाला म्हणू? मला नेनित आहे. रोज फोन कर. आणि खोटं सांगू नकोस."

फोन ठेवला तरी सासूबाई माझ्याकडे बघतच होत्या. "कधीचं तिकीट?"

"नाही जात."

त्यांनी नाक पुसलं आणि काठी खिडकीकडे रोखली. "मग ती फट बुजव. वारा वाढलाय."