पाठमोरं चित्र

मित्रांनो, माझ्या अंगावर टाचण्यांची बारीक भोकं आहेत आणि मधोमध इस्त्रीचा तपकिरी डाग आहे. मी एक जुना ड्रॉइंग बोर्ड आहे.

एका सुताराने मऊ, पांढऱ्या फळ्या जोडून मला घडवलं. माझ्या कडा काटकोनात बसेपर्यंत त्याने रंधा खाली ठेवला नाही. मग मी इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत गेलो. तिथे माझे मालक काम करायचे. त्यांची रेघ इतकी सुरेख, की मोठे साहेब नव्या माणसांना मुद्दाम आमच्या टेबलापाशी आणून उभं करायचे. जिने, खिडक्या, स्वयंपाकघरं... परक्या माणसांची कितीतरी घरं आधी माझ्या अंगावर उभी राहिली. मालक स्वतःच्या घरी मात्र उशिरा जायचे.

पुढे कचेरीत संगणक आले आणि आम्हा बोर्डांची रवानगी माळ्यावर झाली. मालकांनी मला जुन्या चादरीत गुंडाळून घरी आणलं आणि कपाटामागे ठेवून दिलं. मालकीणबाई कधीतरी मला बाहेर काढून माझ्यावर कपड्यांना इस्त्री करायच्या. तो डाग तेव्हाचा. पण काम झालं की त्या मला पुसून ठेवायच्या. तेवढीच माझी विचारपूस.

मालक निवृत्त झाले आणि सुकत चालले. दाढी वाढलेली, दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत. चहा गार असला तरी चिडायचे, गरम असला तरी चिडायचे. शेवटी मुलीने त्यांचं नाव चित्रकलेच्या वर्गात घातलं. तिथे तुमच्या वयाची बरीच माणसं येतात, असं तिने समजावलं. मालकांनी कुरकुर केली, पण मला कपाटामागून काढलं.

वर्ग एका शाळेच्या रिकाम्या खोलीत भरायचा. शिकवणाऱ्या बाईंनी टेबलावर एक जुना बूट ठेवला. मालकांनी खिशातून पट्टी काढली, तशी बाईंनी ती मागून घेतली. बुटाला सरळ रेघ कुठे आहे ते आधी शोधा, म्हणाल्या. मालकांचा बूट होडीसारखा झाला. ते स्वतःच हसले. किती वर्षांनी मी त्यांचं हसणं ऐकलं.

मित्रांनो, माणूस बदलला. रोज दाढी करू लागले, शीळ घालू लागले, वर्गातल्या मित्रांबरोबर बागेत जाऊन झाडं काढू लागले. माझ्यावरची धूळ गेली. मी खूश होतो, खोटं कशाला सांगू.

एकदा बाईंनी घरातल्या कुणाचा तरी चेहरा आठवून काढायला सांगितला. मालकांनी बायकोचा चेहरा काढायला घेतला. कपाळ आलं. पण भुवया जाड की बारीक, ते आठवेना. हनुवटीवरचा तीळ कुठल्या बाजूला, तेही आठवेना. वर्ग सुटला तेव्हा माझ्यावरचा कागद खोडून खोडून फाटला होता.

घरी आल्यावर मालक स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि मालकीणबाईंकडे बघत राहिले.

"काय हवंय?" त्यांनी विचारलं.

काही नको, नुसता बघतोय, असं मालक म्हणाले. मालकीणबाईंना ते काही पटलं नाही. त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

फार आग्रह झाल्यावर एका दुपारी त्या समोर बसल्या. मालकांनी जीव ओतून चित्र काढलं. तीळ जागच्या जागी आला, डोळ्यांखालच्या सुरकुत्याही आल्या. "तुला असं कधी बघितलंच नाही गं. तेव्हा जमलं नाही," ते म्हणाले.

मालकीणबाई बराच वेळ चित्राकडे बघत होत्या.

"पेन्सिल तर कायम तुमच्या हातातच होती," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. उठल्या आणि वाळलेले कपडे काढायला गेल्या.

त्यानंतर त्या कधीच समोर बसल्या नाहीत. मालकांनी विनवलं, मुलीला मध्ये घातलं. मुलगी आईशी बोलून आली आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, नाद सोडा. आईला आता कुणी बघितलं की अवघडल्यासारखं होतं."

मग मालक त्यांना मिळेल तसं काढू लागले. ओट्याशी उभ्या, भांडी घासताना, पाठमोऱ्या. वर्गाच्या प्रदर्शनात तेच चित्र सगळ्यांना आवडलं. अंबाड्याखालची मान किती बोलकी आली आहे, असं बाई म्हणाल्या. लोकांनी मालकांचा हात हातात घेऊन कौतुक केलं. मालकीणबाई प्रदर्शनाला आल्या नव्हत्या.

मालक आजही वर्गाला जातात. चेहऱ्यावर तजेला आहे, हात सुधारला आहे. घरातलं बोलणं मात्र पूर्वी होतं तेवढंच आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या लाकडाला फार लागत नाही. कोरड्या फडक्याने पुसा, ओलीपासून जपा, आम्ही पुन्हा कामाला उभे राहतो. माणसांचं तसं नसावं. तुमच्या घरात जे माणूस सगळ्यांच्या मागून जेवतं, त्याचा चेहरा डोळे मिटून आठवून बघा. आठवला नाही, तर आजच त्याच्यापुढे जाऊन बसा. ते अजून तुमच्याकडे तोंड करून बसतंय, तोवर.