ओंजळीतला पेला

पेला स्टीलचा. नवा. काठावर मायचं नाव कोरून आणलेलं: सगुणाबाई.

नाही. आधी हात.

पेडगावात माय दुसऱ्यांच्या रानात निंदायला जायची, मी तिच्यामागं. तहान लागली की बांधाशी उकिडवं बसायचं, तळवे जुळवून हनुवटीला लावायचे. मालकीणबाई तांब्यातून वरून धार सोडायच्या. तांब्या आणि आम्ही, मध्ये वीतभर हवा. निम्मं पाणी पोटात, निम्मं कोपरावरून खाली. आम्ही बौद्ध झालो. घर बदललं, देव्हारा गेला. हवा तेवढीच राहिली.

मग मी शिकले. गंगाखेडच्या शाळेत बाई झाले, मायला घेऊन तिथं राहायला आले. बोलणं बदललं, चालणं बदललं.

हात?

शाळेतल्या नर्मदाबाईंनी रविवारी चहाला बोलावलं. चहाच्या आधी पाणी येणार. शनिवारभर मी मायचा पेला उचलत होते, ठेवत होते.

"काय करायलीस गं?"

"सराव."

"पेल्याचा? बैल हाय का तो, शिंग मारायला?"

"त्यांच्या घरी हात जुळले तर, माय?"

माय हसायची थांबली.

"माझ्याकडनंच शिकलेत ते," एवढंच म्हणाली.

रविवार. खुर्ची. नर्मदाबाई पाणी घेऊन आल्या. तेवढ्यात गोदावरीच्या पुलावरून गाडी धडधडत गेली. मी खिडकीकडं पाहिलं. परत पाहिलं तर

हात जुळलेले. हनुवटीशी.

आणि समोर पेला कललेला. माझ्या हातांनी हाक दिली, त्यांच्या हातानं ओ दिली. एक थेंब तळव्यावर पडला.

दोघींनीही पाहिलं.

"अगंबाई," नर्मदाबाई पुटपुटल्या. पेला तसाच तिरका. सरळ करावा की मागं घ्यावा, त्यांना कळेना.

हात खाली घेता आले असते. मी घेतले नाहीत. ओंजळ तशीच वर नेली. वर. पेल्याचं बूड तळव्यांना टेकेपर्यंत.

"सोडा," मी म्हणाले.

"सांडेल हो बाई."

"नाही सांडणार."

त्यांनी सोडला.

मी तोंड लावून प्यायले. सगळं.

घरी आले तर माय दारातच.

"जुळले का गं?"

"जुळले."

तिचा चेहरा उतरला.

"पण पेला त्या ओंजळीतच बसला, माय."

"म्हंजे कसा?"

"बस खाली. दाखवते."

माय उकिडवी बसली. तळवे आपोआप हनुवटीशी गेले. मी तिच्या नावाचा पेला काठोकाठ भरला आणि त्या ओंजळीत ठेवला.

"लय जड लागायलाय गं."

"भरलेला हाय. धर."

ती प्यायली. सावकाश, डोळे मिटून.

मी तिच्या कोपराला हात लावून पाहिला. कोरडं.